बुरशीबाईंना अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती बुरशीबाई,
कपाटाचा वरचा कप्पा, इगतपुरी

स. न. वि. वि.

घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा आपली भरभराट ओघानेच आली. चपला, पापड, लग्नाचे अल्बम, कुणाला आपण उपेक्षित ठेवले नाही. या आषाढात आपण माझ्या कॅसेटींच्या पेटीत मुक्काम ठोकलात, त्याबद्दल जाहीर अभिनंदन. निधी नाही, समिती नाही, उद्घाटनाला पाहुणा नाही, तरी काम अखंड चालू!

पेटीत काय आहे हे खाण्याआधी विचारायचा आपला रिवाज नाही, म्हणून सांगतो. घरच्यांनी रेडिओवरून भरून घेतलेली गाणी आहेत. ती खुशाल खा, हल्ली मोबाइलवर मिळतात. मला हवा आहे गाण्यांच्या मधला ऐवज. 1 नोव्हेंबर 1967 रोजी मुंबई-पुणे-नागपूरच्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या आणि साबणांना, दंतमंजनांना चाली लागल्या. शिवाय वेळ सांगण्याआधी निवेदिकेने घेतलेला श्वास, ‘आपली आवड’मध्ये वाचलेली फर्माइश करणाऱ्यांची नावे, वीज कडाडली की मीडियम वेव्हवर उठणारी खरखर. तेव्हा हा सगळा केरच. गाणे संपले की झटकन बटण दाबायचे. ज्यांचा हात उशिरा पोचला, त्यांच्या आळसातून हा इतिहास उरला आहे.

थोरामोठ्यांची चिंता नाही. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर 1955-56 मध्ये आठवड्याला एक अशी ‘गीतरामायणा’ची 56 गाणी झाली, त्यांचे पुस्तक निघाले, ध्वनिमुद्रिका निघाल्या. पण मीनावहिनी आणि टेकाडे भावजी? रेडिओवरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालेमुळे ते घरचेच झाले होते. त्यांचे सगळे भाग सलग ऐकायचे म्हटले, तर कुठल्या फडताळाकडे बोट दाखवायचे? आकाशवाणीची पहाटेची धून तेवढी तगली. नाझींच्या छायेतून 1934 मध्ये मुंबईत आलेल्या वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराला तिचे श्रेय देतात. ती कुणी जपली म्हणून नव्हे, रोज वाजली म्हणून राहिली.

आमच्याकडचे जतन म्हणजे ‘जुनं ते सोनं’ लिहून व्हॉट्सॲपवर पुढे ढकलणे. त्या सोन्यावर ना तारीख, ना केंद्राचे नाव, ना निवेदकाचे. त्यापेक्षा आपण बऱ्या. निवड करत नाही, रामायण आणि राख-साबण एकाच चवीने खाता. फितीवरच्या लोखंडी भुकटीत आपल्याला रस नाही, ती चिकटवणाऱ्या थरात आहे, हेही मला कळले आहे. परदेशात तर ओलाव्याने चिकट झालेल्या स्टुडिओच्या फिती पन्नास-पंचावन्न अंशांवर तासन्‌तास भाजतात आणि मग घाईघाईने वाजवून नक्कल काढतात. आमच्याकडे भाजायला तेवढे मक्याचे कणीस आहे.

आपल्या इगतपुरीतल्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात जगभरातून माणसे दहा दिवस मौन पाळायला येतात. गावाच्या शांततेचा कोटा त्यात भरतो. कॅसेटी मुक्या करून आपण त्यात भर घालू नये.

म्हणून हा तह. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो आहे, त्यांना खाऊ समजू नये. दसऱ्यापर्यंत थांबा. ऊन पडले की कॅसेटी आधी नीट वाळवून, अंगणात मऊ ब्रशने झाडून, एकेक बाजू संगणकावर उतरवतो. मधल्या जाहिराती न कापता, कुठले केंद्र, कुठले साल हे कळेल तितके लिहून. बदल्यात आमचा लग्नाचा अल्बम नेऊ शकता.

आपला,
एक श्रोता

ता. क. : अल्बमबद्दल सौ.शी बोलणे झाले. त्याऐवजी माझे चामडी बूट न्यावेत.