परिणामकारक आभार

आभारप्रदर्शन हे आपल्याकडील सार्वजनिक सभेतील असे एक कर्म आहे की, ज्याच्या प्रारंभी अध्यक्ष घड्याळाकडे पाहतात, श्रोते पायांनी चपला चाचपू लागतात, आणि ज्या सहचिटणिसाकडे वर्षभरात कोणतेही जोखमीचे काम सोपविण्यास कार्यकारी मंडळ धजावलेले नसते, त्यास ध्वनिक्षेपकासमोर उभे करण्यात येते. तो बिचारा मंडपवाल्यापासून पाणी देणाऱ्या पोऱ्यापर्यंत सर्वांचे, आणि कोणी नजरचुकीने राहून गेलेच तर 'ज्ञात-अज्ञात' अशा सर्वांचे ऋण मान्य करून खाली बसतो. त्याच्या वक्तृत्वाविषयी काय वाटेल ते म्हणावे. परंतु आभार मानून झाल्यावर तो दारापाशी जाऊन बाहेर पडणाऱ्यांपुढे हात पसरीत नाही, एवढे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. आभार झाले की कार्यक्रम आटोपला, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही.

संगणकाच्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यांवरून घरोघर पोचणाऱ्या ज्या वृत्तपत्रिकांना लोक न्यूजलेटर म्हणतात, त्यांच्या चालकांनी मात्र या शास्त्राची उलथापालथ केली आहे. वाचकाने आपला ईमेलचा पत्ता रकान्यात लिहून बटण दाबले की लगेच जो क्षण येतो, तो या मंडळींच्या हिशेबी साऱ्या व्यवहारातील अमृतसिद्धियोग होय. कारण त्या घटकेस मनुष्य राजी असतो, त्याचे बोट अद्याप पडद्यावरून उठलेले नसते, आणि राजी झालेला मनुष्य एकाच मागणीवर मोकळा सोडणे हे धंद्याच्या दृष्टीने महापातक ठरते. सबब त्याचे जे आभार मानावयाचे ते 'परिणामकारक' असावेत, असा दंडक पडला आहे. आभार मनापासून मानले की वरवर, हे मोजण्याचे यंत्र अद्याप निघालेले नाही. पण आभार वाचल्यानंतर शेकडा किती इसमांनी पुढील बटण दाबले, याची नोंद मात्र घटकाघटकास होत असते. तेव्हा मनाची बाब अर्थातच दप्तरातून कमी करण्यात आली.

असे एखादे आभाराचे पान जरा निरखून पाहावे. माथ्यावर उद्गारचिन्हासह 'धन्यवाद!' असते, आणि त्याबरोबर पडद्यावर रंगीबेरंगी कागदी कपट्यांची जी वृष्टी होते, ती पाहून आपण पत्ता लिहून दिला की पानिपत मारले, असा क्षणभर संभ्रम पडतो. त्याखाली 'आमच्या कुटुंबात तुझे स्वागत!' असे शब्द असतात. ज्याने पस्तीस वर्षे मामलेदार कचेरीत काढली, ज्यास कलेक्टरानेही कधी अरेतुरे केले नाही, अशा गृहस्थास हे कुटुंब पहिल्याच भेटीत एकेरीवर घेते. त्यातही मौज अशी की, मराठी कुटुंबात आभार मानण्याची मुळी चालच नाही. पाण्याचा तांब्या आणून दिल्याबद्दल सासऱ्याने सुनेस 'धन्यवाद' म्हटले, तर घरात काहीतरी बिनसले आहे असे शेजारीदेखील ओळखतात. तेव्हा एकतर आभार मानावेत, नाहीतर कुटुंबात घ्यावे. दोन्ही गोष्टी एका दमात करणारास या दोहोंपैकी कशाचाच अनुभव नसावा.

नावाचा प्रकार तर याहून रमणीय. 'पहिले नाव' या रकान्यात आपल्याकडील प्रौढ माणसे जन्माच्या सवयीने 'श्री.', 'सौ.' किंवा 'ॲड.' असे लिहून मोकळी होतात, आणि यंत्र तर यंत्रच; ते निष्ठेने 'प्रिय ॲड., तू भन्नाट आहेस!' असा जबाब धाडते. कधी रकान्याचा आणि यंत्राचा सांधा निखळला तर 'प्रिय फर्स्टनेम' असा मायना येतो. जुन्या मायन्यात 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष' एवढा पल्ला गाठावा लागे, आणि त्याचे संक्षेप करूनही अर्धी ओळ खर्ची पडे. परंतु ते लिहिणारास समोरचा मनुष्य वडील की धाकटा, हे निदान ठाऊक असे.

आता खरा कारभार सुरू होतो. 'फक्त एकच पायरी उरली!' या ओळीखाली सहा पायऱ्या असतात. आमचे पत्र जाहिरातींच्या कप्प्यात पडले असेल, ते ओढून मुख्य कप्प्यात आणावे; आमचा पत्ता आपल्या संपर्कयादीत नोंदवावा; आपण आम्हांस कोठून ओळखता, आपले वय व व्यवसाय काय, याचा तक्ता भरावा; आमच्या व्हॉट्सॲपवरील वाहिनीस जोडून घ्यावे; हा आनंद आपल्या तीन मित्रांस कळवावा, म्हणजे चौदा पानांचे एक पुस्तक विनामूल्य मिळेल; आणि सर्वांत शेवटी, केवळ नव्या सभासदांकरिता राखून ठेवलेला एक अभ्यासक्रम निम्म्या किमतीत घ्यावा. या शेवटच्या कलमाशेजारी एक घड्याळ उलटे चालत असते. पंधरा मिनिटांची ती मुदत संपल्यावर पान पुन्हा उघडावे. घड्याळ पुन्हा पंधरावर आलेले असते. काळास मागे फिरविण्याची ही सिद्धी आमच्या ऋषींनाही साधली नव्हती. अभ्यासक्रम नको असेल तर खाली फिकट करड्या अक्षरांत, चाळिशी लावल्यावाचून दिसू नये अशा बेताने, 'नको, मला आहे तिथेच राहायचे आहे' असे एक बटण असते. म्हणजे नकार द्यावयाचा तर आपल्या हाताने आपल्या नालायकीचा कबुलीजबाब लिहून द्यावयाचा.

ही अतिशयोक्ती आहे, असे कोणी म्हणेल. भारत सरकारास तसे वाटले नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी पडद्यावरील लबाडीच्या तेरा प्रकारांची जी यादी जाहीर केली, तीत खोटी घाई लावणे, नकार देणारास लाजविणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकविणे आणि वारंवार टोचत राहणे, हे चारही प्रकार नामनिशीवार नमूद आहेत. एखाद्या होतकरू चालकाने या यादीचा उपयोग प्रतिबंधाऐवजी पाठ्यक्रम म्हणून केला, तर त्यास दोष देता येणार नाही. इतक्या सुबोध रीतीने तो विषय दुसऱ्या कोणी मांडलेला नाही.

वर्गणीदाराची पोच देण्याची कला आपल्याकडे काल-परवा आली, असे समजण्याचे कारण नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढल्यापासून मराठी नियतकालिके वर्गणीदाराच्या जिवावर जगत आली आणि बहुतांशी वर्गणीदाराच्या थकबाकीनेच मेली. टपालखात्याने १८८० साली मनीऑर्डर सुरू केल्यावर या व्यवहारास एक अत्यंत देखणे रूप आले, ते ज्यांनी पाहिले त्यांस आठवत असेल. मनीऑर्डरच्या कागदास तळाशी एक कुपन असे. त्यावर पाठविणाराने 'वार्षिक वर्गणीबद्दल, अंक जानेवारीपासून पाठवावेत' असा दोन ओळींचा मजकूर लिहावा. पैसे पोस्टमनने संपादकाच्या हाती मोजून दिले की कागदाचा पोचेचा तुकडा संपादकाच्या सहीनिशी, टपालखात्याच्या शिक्क्यासह, पाठविणाराच्या घरी परत येई. त्या तुकड्यावर कपट्यांची वृष्टी नसे, कुटुंबाचा उल्लेख नसे आणि घड्याळही नसे; होती ती सही आणि तारीख. पैसे पोचले, ते ज्यास पोचावयाचे त्यासच पोचले, अमुक दिवशी पोचले, या तीन गोष्टी त्यावरून निर्विवाद सिद्ध होत. वर्गणीदार तो तुकडा पंचांगाच्या घडीत किंवा भिंतीवरील खिळ्याच्या तारेत अडकवून ठेवी आणि अंक न आल्यास त्याच्या आधारे संपादकास फैलावर घेई. परिणामकारक आभार म्हणतात ते हे.

न्यूजलेटर ही वस्तूही आपल्यास परकी नाही. औंध संस्थानच्या मुलखात लोखंडी नांगर करणाऱ्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' या नावाचे पत्र शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली काढले. कारखान्याची खबर लोकांस कळावी, या साध्या उद्देशाने निघालेल्या त्या पत्राचे पुढे 'किर्लोस्कर' हे नामांकित मासिक झाले, आणि त्याच्या पाठीवर १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे जन्मास आली. नांगर विकणाऱ्या कारखान्याच्या पत्राने महाराष्ट्रास वाचावयास लावले, आणि आज वाचनसंस्कृती वाढविण्याची प्रतिज्ञा केलेली पत्रे पहिल्या भेटीतच आपल्यास नांगरास जुंपू पाहतात, हा कालमहिमा.

या पानावरील एका मागणीस मात्र मी मान देतो. 'आपणांस एक पत्र पाठविले आहे, त्यातील दुवा दाबून खातरजमा करावी,' असे जे सांगतात, ते योग्यच आहे. कारण रकान्यात कोणीही कोणाचाही पत्ता लिहू शकतो, आणि शेजाऱ्यावर सूड उगविण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही. ही रुजवात आहे, ती झालीच पाहिजे. परंतु जी एक मागणी खरोखर निकडीची, तीच सहा अवांतर मागण्यांच्या गर्दीत चिरडली जाते. वर्गणीदार पुस्तकाच्या मागे लागतो, मित्रांची नावे आठवीत बसतो, खातरजमेचे पत्र विसरतो, आणि मग चालक 'लोक नोंदणी करतात पण टिकत नाहीत' म्हणून परिसंवादातून हळहळतो.

यावर कळस म्हणजे पत्र पाठविणाराचा पत्ता. तो नो-रिप्लाय या नावाने सुरू होतो, आणि तळाशी ताकीद असते की, या पत्रास उत्तर देऊ नये, दिल्यास ते कोणी वाचणार नाही. ज्याने कुटुंबात घेतले, मित्रांची नावे विचारली, वय विचारले, त्याने स्वतःचे कान मात्र घरी ठेवले आहेत!

बाहेर पडण्याची वाट हा आणखी एक नाजूक विषय. आत येण्यास एक बटण. बाहेर जाण्यास मात्र परवलीचा शब्द, कारणांचा तक्ता आणि रडणाऱ्या कुत्र्याचे चित्र. अमेरिकेच्या कायदेमंडळाने २००३ साली या धंद्यास कायद्याने सांगितले की, नको म्हणणाराचे नाव कामकाजाच्या दहा दिवसांत कमी करा आणि पत्राखाली आपला खरा टपालाचा पत्ता छापा. गूगल आणि याहू यांनी २०२४ सालापासून मोठ्या प्रमाणावर पत्रे धाडणारांस एका टिचकीत सुटका देण्याची सक्ती केली. आपल्या संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा संमत केला, त्यात तर स्वच्छ लिहिले आहे की, संमती देणे जितके सुलभ, तितकेच ती मागे घेणेही सुलभ असले पाहिजे. शिवाय संमती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसास दिला पाहिजे. म्हणजे मराठी वर्गणीदारास आपली फसवणूक मातृभाषेत करून घेण्याचा हक्क कायद्याने प्राप्त झाला आहे. 'आपण यशस्वीरित्या सदस्यता घेतली गेली आहात,' असली वाक्ये वाचून तो हक्क बजावण्यास प्रारंभ झाल्याचेही दिसते.

केवळ टीका करून थांबणे हे टीकाकाराचे लक्षण असले तरी सदरलेखकास ते परवडत नाही. म्हणून एक मसुदा येथे दाखल करतो:

'आपला पत्ता आमच्या दप्तरी नोंदला गेला. तो आपणच लिहिला याची खातरजमा करण्यासाठी एक पत्र आताच रवाना केले आहे. त्यातील दुवा दाबला नाही, तर यापुढे आमच्याकडून काही येणार नाही. पत्र दिसत नसल्यास स्पॅमच्या कप्प्यात पाहावे. पहिला अंक येत्या शुक्रवारी सकाळी सात वाजता निघेल, त्यानंतर दर शुक्रवारी एक, अधिक नाही. अंक ज्या पत्त्यावरून येईल तो खाली दिला आहे. त्यावर उत्तर दिल्यास संपादक ते स्वतः वाचतात. नको झाल्यास प्रत्येक अंकाच्या तळाशी सोय आहे, कारण विचारले जाणार नाही. गेल्या शुक्रवारचा अंक तोवर वाचावयाचा असल्यास येथे आहे. आभारी आहोत.'

यात परिणाम कोठे आहे, असे चालक विचारतील. परिणाम असा की, शुक्रवारी सातच्या सुमारास पत्र आले तर ते कोणाचे, कशाबद्दल आणि आपण मागितले होते की नाही, हे वर्गणीदारास आठवते, आणि तो ते न वाचता स्पॅम म्हणून हाकलून देत नाही. चार माणसांनी तसे हाकलले की पाचव्याच्या कप्प्यातही आपले पत्र कचऱ्यातच जाऊ लागते, हा टपालयंत्राचा नियम चालकांस माझ्याहून चांगला ठाऊक आहे. अभ्यासक्रम विकावयाचाच असेल तर खुशाल विकावा. पण दोन-तीन शुक्रवार जाऊ द्यावेत, गिऱ्हाइकाने माल चाखलेला असावा.

वाचकांपैकी कोणी असले पत्र चालवीत असतील, तर त्यांनी हा मसुदा जसाच्या तसा उचलावा, वार आणि वेळ तेवढी आपली घालावी. त्यासाठी माझी परवानगी मागण्याचे प्रयोजन नाही, आणि कृपा करून माझे आभारही मानू नयेत.