एक ऊन कमी

निवृत्त माणसाला छंद असावा याबद्दल सर्वांचं एकमत असतं. तो कोणता असावा हे ठरवताना मात्र त्याला खोलीबाहेर बसवतात. माझ्यासाठी बासरी, सुलेखन आणि सोसायटीचे हिशेब अशी स्थळं येऊन गेली. बासरी शेजाऱ्यांनी नाकारली. सुलेखनात मी ‘श्री’पर्यंत पोचलो आणि शाई गालिच्यापर्यंत. राहिले हिशेब. सगळी नोकरी बँकेत काढून पुन्हा हौसेने सोसायटीची वही हातात घेणं म्हणजे निवृत्त कंडक्टरने रविवारी सहज म्हणून पीएमपीत चढून घंटी मारण्यासारखं आहे. मी नाही म्हटलं. मग ‘तुम्ही करता काय दिवसभर?’ हा प्रश्न रोज सकाळी चहाबरोबर येऊ लागला.

अशात चैत्र लागला आणि आईने गहू भिजत घातले.

ज्यांनी कुरडई फक्त रुखवतात पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगतो. गहू तीन दिवस भिजतात, पाणी रोज बदलायचं असतं. तिसऱ्या दिवशी त्या पातेल्याला असा काही वास सुटतो की खालच्या मजल्यावरच्यांनी एकदा प्लंबर बोलावला होता. मग ते वाटायचे, गाळायचे, चोथा काढायचा, चीक रात्रभर खाली बसू द्यायचा आणि सकाळी वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. आधणात मीठ-हिंग घालून चीक शिजवायचा आणि शिजेपर्यंत हाटत राहायचं. गुठळी झाली तर दोष हाटणाऱ्याचा. चीक छान झाला तर गुण गव्हाचा. हाटणारा मी. चीक गरम आहे तोवर तो सोऱ्यात भरून गच्चीत अंथरलेल्या प्लास्टिकवर वेटोळी पाडायची. वर्षभर देवळाच्या चार पायऱ्या जिला जड जातात, ती माझी आई चैत्रात गच्चीचा अख्खा जिना चढते आणि वर पोचल्यावर आम्हालाच ‘दमलात एवढ्यात?’ म्हणून विचारते.

कुरडया घालून झाल्यावर आईने कमरेवर हात ठेवून सभोवार पाहिलं आणि विचारलं, “आता राखणीला कोण?”

सून कामाची, नातू परीक्षेचा. नजर माझ्यावर येऊन थांबली. मी चेहऱ्यावर शक्य तितका त्रास आणून “बसतो” म्हटलं. तो त्रास मी अजूनही जपून वापरतो.

कारण राखण हा जगातला सर्वश्रेष्ठ छंद आहे, हे मला त्याच दिवशी दुपारी बारापर्यंत कळलं होतं. पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची, हातात काठी, शेजारी पाण्याची बाटली. नुसताच खुर्चीत बसलेला माणूस दिसला की घरातल्या सगळ्यांना कामं आठवतात. तोच माणूस हातात काठी घेऊन बसला की तो कर्तव्यावर असतो. हिने एकदा खालून “अहो, दळण आणायचंय” अशी हाक दिली, तर आईने तिला परस्पर गप्प केलं. “उठवू नकोस त्याला. राखणीला बसलाय.” लग्नानंतर इतक्या वर्षांत माझी बाजू इतक्या ठामपणे कोणी घेतली नव्हती.

बसल्याबसल्या मी पक्षी पाहू लागलो. मुद्दाम नाही, कावळा कुठून येतो यावर लक्ष ठेवताना बाकीचे आपोआप दिसतात. त्यातला पहिला दिसला नाही, ऐकू आला. टुक, टुक, टुक, टुक. एका लयीत, मध्ये श्वासही न घेता. मला वाटलं, कोणाच्या तरी घरी फर्निचरचं काम निघालंय. नंतर कळलं की हा तांबट. तांब्याच्या भांड्यावर ठोके मारल्यासारखा आवाज, म्हणून तांबट. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळाला लाल टिळा, पिवळा गळा. ओरडताना तो मान इकडून तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज एकदा शेवग्यावरून येतो, एकदा आंब्यावरून आणि एकदा आपल्याच डोक्यातून. त्याला शोधण्यात माझ्या सकाळच्या सकाळ गेल्या. सापडला तेव्हा अगदी समोर, शेवग्याच्या वाळक्या फांदीच्या टोकाला, सगळ्यांना दिसेल असा बसला होता. वाळक्या फांदीत भोक पाडून तो घर करतो. म्हणजे आपण ज्या फांदीसाठी सोसायटीच्या सभेत ‘ती तोडायला हवी’ म्हणून हात वर करतो, तिच्यात याची वास्तुशांत झालेली असते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांना माझा हा छंद कळला आणि ते दुसऱ्या दिवशी मोबाइल घेऊन हजर झाले. त्यात म्हणे आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय होती. त्यांनी फोन आकाशाकडे धरला. कोकीळ ओळखला, बुलबुल ओळखला, तांबट ओळखला. मग आई जिन्यातून वर आली आणि कठड्यावरच्या कावळ्याला “हाऽऽड, मेल्या!” म्हणून ओरडली. फोनने बराच वेळ विचार केला आणि मग पडद्यावर काहीच आलं नाही. गच्चीतले सगळे पक्षी मात्र उडून गेले होते.

कावळ्याबद्दल माझं मत या उन्हाळ्यात पार बदललं. तो हुशार आहे, यात शंका नाही. मी डुलकी घेतोय की नुसते डोळे मिटलेत, हे त्याला माझ्या बायकोपेक्षा आधी कळतं. पण याच दिवसांत तो घरटं बांधायला काढतो आणि कोकीळ त्याची वाट पाहत असतो. नर ओरडून कावळ्यांना अंगावर घेतो, ते त्याच्या मागे लागतात आणि तेवढ्यात मादी त्यांच्या घरट्यात अंडं घालून मोकळी होते. इतका चतुर पक्षी, आणि दरसाल दुसऱ्याची पोरं वाढवतो! आणि त्यांना भरवायला आमच्या कुरडया नेतो. एवढं समजल्यावर मी काठी जरा सैल धरू लागलो. एखादी कुरडई गेली तर गेली. त्या घरात तसंही फसवणुकीचं प्रकरण चालू आहे.

आणि खरं सांगायचं तर कावळ्याच्या नावावर खपलेल्या सगळ्याच वस्तू कावळ्याने खाल्ल्या नव्हत्या. साबुदाण्याच्या पापड्या दुपारी तीनच्या सुमाराला अशा अवस्थेत येतात की वरून वाळलेल्या आणि आतून ओल्या. मिठाच्या, जिऱ्याच्या, किंचित चिवट. तळलेली पापडी कोणीही खातं. ओली पापडी फक्त राखणदाराच्या नशिबात असते. उडदाच्या पापडाच्या दिवशी तेलात बुडवलेल्या लाट्यांचंही तेच. संध्याकाळी आईने प्लास्टिकवरच्या रिकाम्या जागा पाहिल्या. त्या एका रांगेत होत्या, खुर्चीपासून हात पोचेल तेवढ्या अंतरावर.

“कावळे फार माजलेत,” मी म्हणालो.

“कुंपणच शेत खायला लागलं,” आई म्हणाली आणि खुर्ची उचलून तिने चार हात मागे ठेवली.

पक्ष्यांखेरीज राखणीत आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे वावळ. मागच्या गल्लीत त्याचं मोठं झाड आहे आणि याच दिवसांत त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या वाऱ्यावर सुटतात. त्या नेमक्या ओल्या पापडीवर येऊन चिकटतात. कावळ्याला काठी दाखवता येते, वावळाला काय दाखवणार? एकेक चकती चिमटीने काढत बसावं लागतं. यावर मी इंजिनिअरांशी तासभर बोललो. त्यांनी मच्छरदाणी सुचवली, तिच्या चौकटीचा नकाशा काढला, वाऱ्याची दिशाही दाखवली. चकत्या मीच काढल्या.

त्यांचा स्वतःचा छंद तापमान हा आहे. गच्चीच्या कठड्यावर त्यांनी भर उन्हात एक तापमापक टांगलाय आणि रोज दोन वाजता ते त्याच्यावर चव्वेचाळीस-पंचेचाळीस असा आकडा वाचून बातम्यांतल्या अडतिसाला हसतात. “हवामान खातं लपवतं सगळं,” हे त्यांचं मत. वेधशाळेतला तापमापक झरोक्यांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून चारेक फुटांवर ठेवतात. हवा किती तापली हे मोजायचं असतं, तापमापक किती तापला हे नाही. हे मी त्यांना एकदा सांगून पाहिलं. ते म्हणाले, “आपण काय पेटीत राहतो का?” यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तसंही पुण्यात उन्हाळ्याची थट्टा जुनीच आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून इथे आलं, तेव्हापासून शिवाजीनगरातली ती जागा ‘शिमला ऑफिस’. एप्रिलच्या दुपारी रिक्षावाल्याला कपाळावरचा घाम पुसत “शिमला ऑफिसला जायचं” असं सांगण्याची सोय दुसऱ्या कुठल्या गावात नसेल.

इथला उन्हाळा कोरडा, ही मात्र आमची मिळकत. मुंबईला राहणारी माझी बहीण दरवर्षी फोनवर कुरकुरते की तिच्या कुरडया वाळत नाहीत आणि माठातलं पाणी गार होत नाही. दोन्हीचं कारण एकच. माठाच्या अंगातून पाणी पाझरून वाफ होऊन जातं आणि जाताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. मुंबईच्या हवेत आधीच इतकी वाफ असते की नवीन वाफेला जागा होत नाही. हे मी तिला शास्त्रशुद्ध समजावून दिलं. ती म्हणाली, “ते असू दे, पाच किलो पाठव.” विज्ञानाचा प्रसार असाच होतो.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पुरुषांना आमंत्रण नसतं, पण राखणदाराला गच्चीवर डाळ पोचते. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. पन्ह्यात गूळ की साखर, यावर आमच्या इमारतीत दोन तट आहेत आणि मी दोघांच्या घरचं पितो. आई गुळाची. साखरेच्या पन्ह्याला ती ‘सरबत’ म्हणते, आणि ते तिच्या तोंडून कौतुकासारखं वाटत नाही.

संध्याकाळी ऊन उतरलं की काठी ठेवून मी मंडईत जातो, कारण मला आंब्याचा भाव विचारण्याचाही छंद आहे. तो पाडव्याला सुरू होतो. खरेदी अक्षय्य तृतीयेनंतर. मधल्या काळात मी पेटी उघडायला लावतो, देठाशी नाक नेतो, अंगठा मात्र लावत नाही, कारण अंगठा लावणाऱ्यांना आंबेवाले नजरेने जाळतात. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर, एवढ्यांचाच हापूस हापूस. त्यामुळे आता सगळ्याच पेट्यांवर रत्नागिरी किंवा देवगड लिहिलेलं असतं. मी एकदा एका पेटीतला आंबा बाजूला सारून खाली अंथरलेला पेपर वाचायला गेलो. तो कन्नड होता. आंबेवाला माझ्याकडे पाहून म्हणाला, “काका, आंबा खायचाय की पेपर वाचायचाय?” प्रश्न रास्त होता. भाव विचारून मी पुढच्या गाळ्यावर गेलो.

वळवाच्या पावसाचा अंदाज आमच्याकडे तिघं वर्तवतात: खातं, इंजिनिअर आणि आईचा गुडघा. यंदा तो ज्या दुपारी आला त्या दुपारी गुडघा बरोबर ठरला. पण गुडघा गेला महिनाभर रोजच पाऊस सांगत होता. चारच्या सुमाराला सिंहगडाच्या बाजूने आभाळ भरून आलं, धूळ उठली आणि अख्खी इमारत गच्चीवर धावली. ज्यांच्याशी पार्किंगवरून आमचं बोलणं बंद आहे त्यांनी प्लास्टिकची दोन टोकं धरली, मी दोन धरली. आम्ही एकही शब्द न बोलता साबुदाण्याच्या पापड्यांचा पाळणा करून जिना उतरलो. खाली आल्यावर त्यांनी एक पापडी उचलून तोंडात टाकली. ती मी मजुरी धरली. बोलणं अजून बंदच आहे.

पण सुखाची नोकरी टिकवायची तर अक्कल लागते. कुरडई मोडताना कडकन वाजली की ती वाळली. मग ती डब्यात जाते आणि राखणदार पुन्हा चहाबरोबरच्या प्रश्नासमोर येतो. आई रोज संध्याकाळी एक मोडून बघायची. मी आधीच सांगून टाकायचो, “एक ऊन कमी आहे.” या वाक्याला आईच्या पिढीत फार मान आहे. कुठल्याही वाळवणाला एक ऊन जास्त झालं म्हणून कोणी शिव्या दिल्याचं ऐकिवात नाही. आई मान डोलवायची आणि मला आणखी एक दिवस मिळायचा. कुरडया इतक्या वाळल्या की रात्री वारा आला तरी त्यांचा आवाज यायचा. शेवटी तिने एक मोडली, आवाज थेट खालच्या मजल्यापर्यंत गेला, आणि ती म्हणाली, “आता आणखी ऊन दिलंस तर पीठ होईल त्यांचं.”

मी मिरच्या सुचवल्या. तिखटासाठी मिरच्यांना ऊन लागतंच. मिळालं. मिरच्यांना कावळा शिवत नाही, हे हिच्या लक्षात आलं, पण तोवर मी चिंचेचा विषय काढला होता. चिंचेनंतर वर्षाच्या डाळी. डाळींनंतर घरात वाळवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा एका रात्री जेवताना मी सहज म्हणालो, “गाद्यांना एकदा ऊन दाखवायला हवं.”

“गाद्यांना राखण लागते होय?” हिने विचारलं.

“कावळे घरट्यासाठी कापूस नेतात,” मी म्हणालो. “मऊ अस्तर लागतं त्यांना.”

आईने ताटातून मान वर केली. “बरोबर आहे त्याचं,” ती म्हणाली. “ने उद्या सगळ्या गाद्या वर. एकट्याने ने. आणि उशाही ने.”

“त्याची उशी वरच आहे,” ही म्हणाली. “टाकीमागे. परवापासून मी घरभर शोधतेय.”