आबांचा डाव डेटाबेसात नाही

स्टॉकफिश हे बुद्धिबळाचं इंजिन फुकट मिळतं, ही आमच्या केमच्या बुद्धिबळाला लागलेली दृष्टच म्हणायची. पुण्यात इंजिनिअरिंग करणाऱ्या भाच्याने ते माझ्या मोबाइलात घातलं, सोबत लाखो डावांचा डेटाबेस दिला आणि म्हणाला, "मामा, आता सुरुवातीलाच मार खायची भीती नाही."

त्याने निवडून दिला बर्लिन बचाव. २००० साली लंडनला क्रामनिकने तो काढला आणि १५ डावांच्या लढतीत खुद्द जगज्जेत्या कास्पारोव्हला एकही डाव जिंकता आला नाही. मी रात्री जागून बर्लिन घोकला. बायकोला वाटलं, जर्मनीला निघालोय.

समोर बसणार होते आबा. केम हे कुंकवाचं गाव, आणि आबांची हयात कुंकवाच्या कारखान्यात गेलेली. त्यांच्या बोटांनी पांढरा उंट कधीच गुलाबी झालाय. तो मरायला टेकला की नेमका कोणाचा, यावर वाद घालायला आबा मोकळे.

पांढऱ्याला पहिल्या खेळीचे पर्याय २०. आबांनी त्यातलं कडेचं, हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकवलं. बर्लिन खिशातच राहिला! तरी पुढे मी चांगली तीन प्यादी वर होतो. तेवढ्यात आबांचा राजा घोड्यासारखा अडीच घरं उडून पसार झाला. जुन्या देशी नियमात शह न लागलेल्या राजाला एकदा ही मुभा असते. घरी येऊन तो डाव इंजिनला दाखवायला गेलो, तर राजा टुणकन जागेवर परत. मानायलाच तयार नाही.

खरं तर एकोणिसाव्या शतकात कोलकात्याचे मोहेशचंद्र बॅनर्जी असेच देशी वळणाने, प्यादी हळूहळू सरकवत खेळायचे. त्यांचे कॉक्रेन या ब्रिटिश साहेबाशी झालेले डाव लिहून ठेवले गेले, म्हणून जग तशा वळणाच्या बचावांना 'इंडियन' म्हणतं आणि ते डाव आज डेटाबेसात आहेत. हे सांगितल्यावर आबा म्हणाले, "मग माझा डाव कोन लिवणार रं? तुझा मोबाइल?"

तेव्हा वाचकहो, तुमच्या आजोबा-पणजोबांनी देशी नियमांचे डाव वहीत उतरवून ठेवले असतील, तर ती वही रद्दीत घालू नका. मला कळवा. आबांशी पुढचा डाव रविवारी आहे.