विनोदाला लेखक लागतो

‘आपला मराठी सिनेमा आहे, थिएटरात जाऊन बघा’ हे आवाहन आता पुरे झालं. दर शुक्रवारी कुणीतरी कलाकार हात जोडून ते करतो आणि दर शुक्रवारी मला त्याचा राग येतो. पुण्या-मुंबईत चौघांचं घर मल्टिप्लेक्सला गेलं की तिकिटं, पार्किंग, पॉपकॉर्न धरून हजार-दीड हजार रुपये सहज जातात. एवढे पैसे मोजणारा माणूस वर्गणी द्यायला आलेला नसतो. तो हसायला आलेला असतो. त्याला हसू आलं नाही, तर ‘मराठी माणूसच मराठी सिनेमाच्या पाठीशी उभा राहत नाही’ असा ठपका त्याच्यावर ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

चांगलं असलं की हाच प्रेक्षक येतो. हेमंत ढोमेचा ‘झिम्मा’ 2021 च्या नोव्हेंबरात लागला तेव्हा महामारीमुळे थिएटरं निम्म्या क्षमतेनं चालू होती. तरी बायका मैत्रिणींना, सासवांना, लेकींना घेऊन गेल्या. इंग्लंडच्या सहलीला निघालेल्या सात बायका, प्रत्येकीची घरातली कोंडी वेगळी आणि बोलण्याची ढबही वेगळी. त्या सातजणी कागदावर नीट लिहिलेल्या होत्या, म्हणून पडद्यावर दिसल्या. मला या सदरात आज एवढंच सांगायचं आहे. आपल्याकडे विनोदी नट रगड आहेत, पण विनोद लिहिणाऱ्याला वेळ आणि पैसा द्यायला कुणी तयार नाही.

‘अशी ही बनवाबनवी’ कुणाचा, असं कुणालाही विचारा. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन ही नावं झटकन येतील. सुधीर जोशींचे सरपोतदारही आठवतील. त्याचे लेखक वसंत सबनीस यांचं नाव मात्र क्वचितच कुणी घेईल. याच माणसानं ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिलं आणि दादा कोंडके नावाचा नट महाराष्ट्रभर पोहोचला. 1971 चा ‘सोंगाड्या’ सबनिसांच्याच लेखणीतला. ‘गेला माधव कुणीकडे’ हे प्रशांत दामले यांनी गाजवलेलं नाटकही त्यांचंच. लोकनाट्य, ग्रामीण सिनेमा, शहरी सिनेमा, व्यावसायिक रंगभूमी, चारही ठिकाणी एकाच माणसानं महाराष्ट्राला हसवलं. असा लेखक एखाद्या भाषेला मिळतो तेव्हा त्याचं नाव पोस्टरवर नटांच्या बरोबरीनं छापायला हवं होतं.

‘बनवाबनवी’ची मूळ गोष्ट उसनी आहे. हृषीकेश मुखर्जींच्या 1966 च्या ‘बीवी और मकान’वरून ती घेतली. गोष्ट उसनी घेण्यात काही गैर नाही. ‘धुमधडाका’ही मुळात तामिळ चित्रपटावरून आला आणि इथलाच होऊन बसला. प्रश्न असतो तो उसन्या गोष्टीला इथली माती लागते की नाही याचा. ‘बनवाबनवी’त ती लागली. पुण्यात बिऱ्हाड मिळत नाही, घरमालकीण सडाफटिंग मुलांना उभं करत नाही, खिशात पैसे नाहीत, ही त्यातल्या चौघा मित्रांची अडचण 1988 मध्ये खरी होती आणि आजही आहे. कोथरूडला किंवा वाकडला भाड्यानं फ्लॅट शोधणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा. त्या सिनेमातला प्रत्येक विनोद या अडचणीवर उभा आहे. घरमालक सरपोतदारांच्या औषधासाठी घेतलेले ते सत्तर रुपये लोकांना अजून आठवतात, कारण त्यामागे भाडेकरू आणि घरमालक यांचं नातं आहे. सत्तर रुपयांत एकाची लाचारी आहे आणि दुसऱ्याचा कंजूषपणा.

आता ‘बनवाबनवी’तल्या साडीकडे या. लक्ष्मीकांत आणि सचिन साडी नेसतात, कारण नेसली नाही तर रस्त्यावर यावं लागेल. साडीत आपण ओळखले जाऊ ही भीती त्यांना क्षणोक्षणी आहे आणि आपण त्या भीतीला हसतो. टीव्हीवरच्या स्किटमध्ये पुरुष साडी नेसून येतो आणि ‘पुरुष साडी नेसून आला’ एवढाच विनोद असतो. त्याला कसली निकड नसते, पकडलं जाण्याची भीती नसते. मग तो कंबर हलवतो, आवाज बारीक करतो, परीक्षक खुर्चीत मागे रेलून हसतात आणि मागून टाळ्यांचा आवाज सोडला जातो. ज्या रंगभूमीवर बालगंधर्वांनी स्त्री उभी केली, तिथे स्त्रीवेषाची ही किंमत झाली. हे मला मान्य नाही.

तीच गोष्ट अंगावरच्या विनोदांची. जाड आहे, काळा आहे, टक्कल आहे, दात पुढे आहेत, लग्न होत नाही. हे शाळेच्या मधल्या सुट्टीतले विनोद आहेत. लेखकाकडे काही सुचायला वेळ उरला नाही की हाताशी येतात ते हेच. ज्या मुलीला वर्गात यावरून चिडवतात, तिच्या घरी रात्री नऊ वाजता सगळे मिळून तेच बघतात आणि हसतात. ती त्या वेळी कुठे बघत असते याचा विचार वाहिनीतल्या कुणीतरी करायला हवा. त्या जाड किंवा काळ्या भूमिका करणारे नट कमालीचे ताकदीचे असतात, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. त्यांना देण्यासारखं तुमच्याकडे एवढंच होतं?

बोलींवर होतो तो अन्याय याहून मोठा. मालवणी बोलला की हसा, वऱ्हाडी बोलला की हसा, ‘न’ला ‘ण’ म्हणाला की हसा. गंगाराम गवाणकरांनी ‘वस्त्रहरण’ लिहिलं आणि मच्छिंद्र कांबळींनी ते गावोगावी, थेट लंडनपर्यंत नेलं, तेव्हाही लोक मालवणी ऐकून हसत होते. पण तिथे मालवणी माणूस आपल्याच गावच्या हौशी नाटकाच्या फजितीवर हसवत होता. भाषा त्याची होती आणि बाजीही त्याचीच. ‘निशाणी डावा अंगठा’ ही रमेश इंगळे उत्रादकरांची कादंबरी. तिच्यावरच्या सिनेमात साक्षरता अभियानाचे कागद रंगवणारे गावातले मास्तर दिसतात. तिथे बोली ऐकून हसू येत नाही, सरकारी आकड्यांची लबाडी बघून येतं. भारत गणेशपुरे यांनी ‘चला हवा येऊ द्या’त वऱ्हाडी सगळ्या राज्याच्या कानावर आणली, त्याचं मला कौतुक आहे. ती वाट पुढच्यांनी मात्र सोपी करून टाकली. आता पुण्या-मुंबईत बसलेला लेखक चार ‘बे’ आणि दोन ‘राज्या’ टाकतो आणि विदर्भाचं पात्र तयार झालं असं समजतो.

‘चला हवा येऊ द्या’ 2014 च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं आणि जवळजवळ दहा वर्षं चाललं. भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे यांनी अक्षरशः घाम गाळला. त्या कार्यक्रमातलं सर्वांत टिकाऊ काय, असं मला विचाराल तर मी पोस्टमनच्या हातातली पत्रं सांगेन. सागर कारंडे वाचायचे आणि अरविंद जगताप लिहायचे. शेतकरी बापाचं पत्र, मुलीचं पत्र, वृद्धाश्रमातून आलेलं पत्र. हसून लोळणारा प्रेक्षक त्या चार मिनिटांत गप्प व्हायचा. आख्ख्या कार्यक्रमात लेखकाला स्वतःची जागा फक्त तिथे मिळाली होती आणि लोकांनी ती लगेच ओळखली. बाकीचा बराच वेळ नव्या सिनेमाच्या जाहिरातीसाठी आलेल्या पाहुण्यांच्या कौतुकात जाई. पाहुणा आला की त्याची खोडी काढायची, पण बेतानं, कारण उद्या त्याच्या निर्मात्याशी गाठ आहे. बेतानं काढलेल्या खोडीला कोण हसणार?

‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ 2018 पासून चालू आहे आणि मला ती त्यातल्या त्यात उजवी वाटते. कारण उघड आहे. सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी हे मुळात लिहिणारे-बसवणारे लोक आहेत. समीर चौघुले, प्रसाद खांडेकर स्वतः लिहितात आणि स्वतः करतात. नम्रता संभेराव एका वाक्याचा उच्चार बदलून आख्खा प्रवेश फिरवते. पण आठवड्यामागून आठवडे इतके भाग काढायचे म्हटल्यावर याच मंडळींनाही तेच शेजारी, तेच मद्यपी, तीच लग्नाची बोलणी परत परत आणावी लागतात. थकवा पडद्यावर दिसतो. दोष त्यांच्या प्रतिभेचा नाही, वेळापत्रकाचा आहे.

आपल्याकडे लेखक तयार होत नाहीत हे तर साफ खोटं आहे. पुरुषोत्तम करंडकाला दरवर्षी महाविद्यालयांतली मुलं एकांकिका घेऊन येतात. तासाभराच्या एकांकिकेवर महिनोन्‌महिने तालमी करतात, वाक्यावाक्यावर भांडतात, शेवट चार वेळा बदलतात. तिथला विनोद ऐकून अंगावर शहारा येतो, इतका तो ताजा असतो. त्यातलीच हुशार मुलं पुढे टीव्हीत जातात. जो मुलगा एका तासासाठी सहा महिने झटला, त्याच्याकडून तिथे आठवड्याला एक स्किट मागितलं जातं, तेही आदल्या रात्री बदल सांगून. दोन वर्षांत तोही दात आणि टक्कल लिहायला लागतो.

‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आठवून बघा. 2001 मध्ये अल्फा मराठीवर सुरू झालेली ही मालिका आठवड्यातून एकदा यायची. दिलीप प्रभावळकरांनी आधी ‘अनुदिनी’ लिहिलं होतं, मग मालिका झाली. म्हणजे आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका ही माणसं कॅमेरा लागायच्या आधीच जिवंत होती. भागात घडायचं काय? नवा सोफा, परीक्षेचे मार्क, शेजाऱ्याशी कुरबूर. खलनायिका नव्हती, परीक्षक नव्हते. केदार शिंदे यांनी ती संथपणे बसवली आणि मध्यमवर्गीय घराला त्यात आपलं घर दिसलं. चार वर्षांनी ती थांबली तेव्हा लोकांना हळहळ वाटली. आजच्या मालिका थांबतात तेव्हा सुटल्यासारखं वाटतं. मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात चिमणराव-गुंड्याभाऊही असेच पुस्तकातून आले होते. चिं. वि. जोशींनी माणसं घडवून ठेवली होती, प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी त्यांना अंग दिलं. आज मराठीत विनोदी कथा, ललित लेख, एकांकिकांचा एवढा साठा पडला आहे. वाहिन्यांच्या कचेरीत तो वाचतो कोण?

सिनेमात ही मेहनत अजून अधूनमधून दिसते, म्हणून माझा जीव सिनेमात जास्त आहे. उमेश कुलकर्णींचा ‘वळू’ घ्या. गावात एक वळू मोकाट सुटलाय, त्याला पकडायला फॉरेस्टचा साहेब येतो. एवढ्याशा गोष्टीत गिरीश कुलकर्णींनी गावचं राजकारण, पुढारपण, साहेबाचा अहंकार सगळं बसवलं. गावातल्या प्रत्येक पापाची पावती त्या मुक्या जनावराच्या नावानं फाडली जाते. परेश मोकाशींच्या ‘वाळवी’त नवरा आणि त्याची प्रेयसी बायकोला संपवण्याचा पक्का बेत आखतात आणि तो बेत पावलोपावली फसत जातो. आपण हसतो आणि हसल्याची भीतीही वाटते. अशी पटकथा आठवड्यात लिहून होत नाही. त्या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याआधी प्रेक्षकही मिळाला होता.

पण निर्मात्यांनी यातून धडा घेतला नाही. त्यांनी जुन्या आठवणी विकायला काढल्या. ‘झपाटलेला’चा दुसरा भाग आला, ‘नवरा माझा नवसाचा’चा आला, ‘येरे येरे पैसा’ तिसऱ्या भागापर्यंत पोहोचला. पहिल्या ‘नवसा’त लाल एसटीतून गणपतीपुळ्याला जाताना आख्खा महाराष्ट्र त्या बसमध्ये चढला होता, दुसऱ्यात बसच्या जागी रेल्वे आली. वाहन बदललं म्हणजे गोष्ट नवी होत नाही.

थिएटरवाल्यांचा दोष मी झाकत नाही. 1971 मध्ये दादरच्या कोहिनूरमध्ये ‘सोंगाड्या’ला जागा नाकारली, तेव्हा बाळासाहेब ठाकरे यांना मध्ये पडावं लागलं. 2025 च्या जुलैत ‘येरे येरे पैसा 3’चे खेळ ‘सैयारा’साठी कमी झाले आणि पुन्हा राजकीय पक्षालाच आंदोलन करावं लागलं. मधल्या पन्नासहून अधिक वर्षांत मराठी सिनेमाला महाराष्ट्रात पडदा मिळवून देणारी व्यवस्था उभी राहिली नाही, ही सरकारची आणि मराठी चित्रपट व्यवसायाची नामुष्की आहे. तरीही लक्षात घ्या, ‘सोंगाड्या’ला एकदा पडदा मिळाल्यावर पुढचं काम ‘सोंगाड्या’नं स्वतः केलं.

म्हणून वाहिन्यांकडे आणि निर्मात्यांकडे माझी मागणी साधी आहे. विनोदी कार्यक्रमाचे भाग कमी करा, आठवड्यातून एक पुरे. परीक्षकांच्या मानधनातून काही कापा आणि ते लेखकांच्या खोलीत द्या. स्किट सुरू होण्याआधी लेखकाचं नाव पूर्ण पडद्यावर दाखवा, कार्यक्रमाच्या शेवटी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत पळवू नका. आणि प्रेक्षकांनो, ज्या विनोदात कुणाचा रंग, वजन किंवा बोली एवढंच हसण्यासारखं आहे, तिथे वाहिनी बदला. टीआरपीचं यंत्र निवडक घरांतच असतं, पण तिथे ती बदलल्याची नोंद होते आणि वाहिन्यांना तेवढीच भाषा कळते.