मामाकडून पोलकं

निवृत्त माणसाच्या हाती शिलाईचं मशीन लागू देऊ नये. मी बँकेतून सुटलो आणि आईचं पायाचं मशीन तेलपाणी करून चालू केलं. आधी उशांचे अभ्रे, मग भाजीच्या पिशव्या. अभ्र्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, कारण उशी बोलत नाही. हे मौन मी कौतुक समजून जमा करत गेलो आणि भाचीचं लग्न ठरलं तेव्हा भर बैठकीत बोलून बसलो, "अष्टपुत्री मामाची असतेच, यंदा त्यावरचं पोलकंही मामाच शिवणार!" बहीण काही बोलली नाही. तिने माझ्या बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे.

भाचीला ‘व्हिंटेज लूक’ हवा होता. त्यासाठी तिने माझ्या आजीचा, म्हणजे तिच्या पणजीचा फोटो शोधून काढला. मागे शाईने ‘१९४६’ लिहिलेलं. आजी स्टुडिओतल्या खोट्या खांबाला पाठ लावून ताठ उभी, ओठ घट्ट मिटलेले, खांद्यावर हा एवढा फुगा. "काय ग्रेस आहे ना, मामा! सेम टू सेम हवं." फोटोत रंग नाही. डावा खांदा पदराखाली आणि पाठ खांबाला. म्हणजे अख्ख्या पोलक्यापैकी पुरावा एका बाहीचा. उरलेलं भाचीने आपल्या सोयीने भरून काढलं. पाठ कुठे दिसतेय? मग मागून डीप गळा, नाडी आणि लटकन. आतून पॅड. जमलं तर मोबाइलला एक चोरखिसा. पुढून १९४६ आणि मागून चालू वर्ष, असं ते पोलकं व्हायचं होतं.

कात्री हातात धरण्याआधी मराठी माणूस अभ्यासाला बसतो. मी बसलो. सत्येंद्रनाथ टागोर सनदी नोकरीत लागून १८६४ साली मुंबई इलाख्यात आले, त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवींनी पारशी बायकांचं पाहून साडीची नवी नेसण आणि जाकीट बंगालात नेलं, हे वाचलं. विलायतेत १८९० च्या दशकात बायकांच्या बाह्या खांद्याशी किती फुगल्या होत्या आणि १९३२ च्या ‘लेटी लिंटन’ सिनेमात जोन क्रॉफर्डच्या खांद्यांवर ती हवा परत कशी भरली गेली, तेही वाचलं. रोज रात्री जेवताना मी फुग्याच्या इतिहासाचा एकेक अध्याय सांगत असे. शेवटी बायको म्हणाली, "अहो, लग्नात पोलकं घालायचंय की प्रबंध?"

एक खडा मात्र दाताखाली येत राहिला. १९४३ पासून सरकारने कापडावर कंट्रोल आणला होता. आजोबा प्राथमिक शाळेत मास्तर. मग १९४६ साली आजीच्या खांद्यांवर दोन फुगे भरतील एवढं कापड आलं कुठून?

कापड मी खणाचं घेतलं, गुळेदगुडचं, डाळिंबी रंगाचं. खणाचा पन्हा लहान, आणि फुग्याच्या बाहीला कापड लागतं दुपटीने. म्हणून आधी मांजरपाटावर कच्चं पोलकं शिवलं. ते इतकं बेतशीर बसलं की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. मग खण अंथरला, खडूने बाही आखली, कापली. तोच कागद तसाच पुन्हा ठेवून दुसरी कापली. चुण्या घालायला टीप मोठी करून मुंढ्यावर दोन शिलाया मारल्या, दोरा हलक्या हाताने ओढत गेलो, आणि कापड कमळासारखं मिटत आलं. उजवी बाही बसली. डावी बसेना. पुढचा खोलगट मुंढा मागे येत होता. मशीनला दोष दिला, बॉबिन बदलली, चष्मा पुसला. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या होत्या.

मांजरपाटाला उलटसुलट नसते, बाही उलटवली की काम भागतं. खणाला सुलटी बाजू असते, म्हणून बाह्या जोडीने, सुलटीला सुलटी लावून कापायच्या असतात. हे शिवणाच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवत असावेत. मी थेट ज्ञानदानंदिनीदेवींपासून सुरुवात केली होती. दुकानात त्याच रंगाचा खण उरला नव्हता. पण फुगा हा मोठा दयाळू प्रकार आहे. चुण्या थोड्या पुढे सारल्या, थोड्या मागे, आणि बाही मुंढ्यात कशीबशी मावली. फुगा किंचित मागे वळून पाहत होता, एवढंच. डाव्या खांद्यावर पदर येणार होता. फोटोतही येतो.

लग्नाच्या आदल्या रात्री भाचीने पोलकं घातलं. माप दिल्यापासून ती रोज सॅलडवर जगत होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाठीत हात जाईल एवढी ढिलाई. हूक सरकवायला लटकनं आड येत होती. बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवरून आत्या म्हणाली, "अरे, टाचण्या लावा की. आईला लावल्या होत्या."

सगळे तिच्याकडे वळले. "ते पोलकं तिचं कुठलं? मामलेदारीणबाईंचं, मागून आणलेलं. कंट्रोलच्या दिवसांत तेवढं कापड आणखी कुणाकडे असणार? त्या चांगल्या दुहेरी हाडाच्या, आई ही अशी काडी. मागून सगळं चिमटून टाचण्या लावल्या होत्या. म्हणून तर खांबाला पाठ लावून उभी आहे. आणि टोचत होत्या, म्हणून तोंड तसं."

भाचीने फोटो पुन्हा पाहिला. ग्रेस निघून गेली होती, पण तिचं हसू काही आवरेना. लटकनं कापली, आणि आम्ही पाठ अगदी अस्सल १९४६ च्या पद्धतीने आवळली. सेफ्टी पिना तेवढ्या नव्या.

मंगलाष्टकं सुरू झाली. रिवाजाप्रमाणे मामा नवरीच्या पाठीशी. समोरच्या मंडळींना मी भाचीच्या वियोगाने गलबललेला दिसत असेन. माझी नजर एका पिनेवर होती, जिचं तोंड अर्धवट उघडलं होतं. गुरुजी प्रत्येक कडव्यानंतर ‘सावधान’ म्हणत होते. एवढा व्यावहारिक सल्ला मला उभ्या नोकरीत कुणी दिला नव्हता. शेवटी वाजंत्री वाजली. अक्षता पडल्या, पीन पडली नाही.

पंगतीत विहीणबाईंनी बायकोला बाजूला घेतलं. "पोलकं फार सुरेख हो. शिंप्याचा नंबर द्याल?"

"घरगुती माणूस आहे," बायको म्हणाली. "पण नका त्याच्या नादी लागू. बोलतो फार."