मशेरीच्या डबीस खुले पत्र

मशेरीच्या डबीस,

तुला नमस्कार लिहीत नाही. लेण्याद्रीच्या पायथ्याला, गोळेगावात, माझ्या आत्याच्या चुलीमागच्या कोनाड्यात तू कित्येक वर्षं ठाण मांडून बसली आहेस. दात घासायला तू, पोट साफ व्हायला तू, दाढ ठणकली की तू. आता ऑपरेशन झालेल्या जबड्यावरही तूच! एवढी मोठी डॉक्टरीण घरात असताना आम्ही उगाच जुन्नरला खेपा घातल्या म्हणायच्या.

आत्याची खालची अक्कलदाढ हाडात आडवी अडकली होती. डॉक्टरांनी हिरडी कापून, थोडं हाड कोरून ती काढली आणि टाके घातले. तंबाखू, मशेरी काही लावायचं नाही, असं चारचारदा बजावलं. पण दोन दिवसांवर संकष्टी आलेली. लेण्याद्रीच्या गणपतीला, गिरिजात्मजाला, येणाऱ्या गर्दीवर आत्याच्या हारफुलांच्या दुकानाचा महिना निघतो. गाल टम्म सुजलेला, ठणका थांबेना. शेजारच्या काकू मायेनंच म्हणाल्या, "अक्का, चिमूटभर लावा, बरं वाटंल." त्यांना मी बोल लावत नाही. त्यांच्या सासूनं त्यांना हेच शिकवलं, आणि त्या सासूला तिच्या सासूनं.

आता तू काय केलंस ते ऐक. दाढ काढलेल्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. बाहेरच्या जखमेवर खपली धरते तशीच ती आतलं हाड झाकून ठेवते, आणि तिच्याच आधारानं नवं मांस भरून येतं. तुझी पूड बोटानं चोळली, पचापच थुंकली, की ती गुठळी जागची हलते. वर तुझ्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं, म्हणजे जखमेला रक्तच कमी पोचतं. चौथ्या दिवशी आत्याचा ठणका कानापर्यंत चढला, तोंडाला घाण वास यायला लागला. डॉक्टरांनी बॅटरी मारून दाखवलं, तर खड्ड्याच्या तळाशी पांढरट हाड उघडं पडलेलं. याला ते ड्राय सॉकेट म्हणतात. पुन्हा खुर्ची, पुन्हा खड्डा धुणं, औषधाची पट्टी. संकष्टी तर गेलीच.

आणि तरीही आत्या म्हणते, "लावल्यावर बरं वाटलं होतं गं." वाटलंच असणार. रोज दोनतीनदा तुला लावणाऱ्या बाईला तू नाही मिळालीस की जीव कासावीस होतो, डोकं धरतं, चिडचिड होते. तुला लावलं की ती तलफ भागते. ठणक्याचं मूळ तसंच राहतं. तलफ तूच लावायची, तूच भागवायची आणि वर औषध म्हणून मिरवायचं, हा तुझा सगळा वैद्यकीचा धंदा.

आमच्या घरात खरे उपाय होते की! पहिले दोन दिवस बर्फ. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, सुती पंच्यात गुंडाळून, गालावर बाहेरून पंधरा-वीस मिनिटं. तेवढाच वेळ थांबायचं आणि पुन्हा लावायचा. कुणी तापल्या विटेचा शेक सांगितला, कुणी मिठाची गरम पुरचुंडी. पहिल्या दिवशी ऊब दिली की तिथं रक्त आणखी धावतं आणि सूज वाढते. शेक द्यायचाच तर दोन दिवस उलटल्यावर. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, मग उतरायला लागते, हे ठाऊक असलं की माणूस घाबरून तुझ्याकडे वळत नाही. झोपताना डोक्याखाली दोन उशा. कोमट पेज, मऊ भात, ताक, सगळं चमच्यानं. नळीनं ओढून काही प्यायचं नाही, त्यानंही गुठळी सुटते. देवळाच्या तीनशेच्या घरातल्या पायऱ्या आणि पाण्याचे हंडे दोनचार दिवस बंद. दुसऱ्या दिवसापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. तोंडात हळू घोळवायचं आणि मान वाकवून आपोआप पडू द्यायचं. गोळ्या डॉक्टरांनी दिल्यात त्याच, आणि गिळायच्या. हिरडीवर ठेवल्या तर ती भाजते. लवंगेचं तेलही ताज्या जखमेवर तसंच पोळतं. हळद कोमट दुधातून पोटात जाऊ दे, खड्ड्यात कोंबायची नाही. आपल्या जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातले आदिवासी जो हिरडा गोळा करतात, त्याच्या काढ्याच्या गुळण्याही जखम भरेपर्यंत नकोत. नंतर डॉक्टरांना विचारून.

तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढतच गेली, ताप आला, पू दिसला, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, तर घरात बसायचंच नाही. सूज जिभेखाली आणि गळ्याकडे उतरली तर जीव जाऊ शकतो. तेव्हा रात्र असो की यात्रा, गाडी काढायची.

सरकारनं १९९२ साली तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर बंदी आणली. २०१२ साली महाराष्ट्रात गुटखा बंद केला. तू दोन्ही वेळा निसटलीस, कारण तू घराघरांत जन्मतेस. भाकरीच्या तव्यावर तंबाखूची पानं काळी होईस्तोवर भाजायची, घरभर धूर, उंबऱ्यावर पोरं खोकतायत, मग वरवंट्यानं रगडून तुला डबीत भरायचं. त्या तव्यावर कुठला इन्स्पेक्टर येणार? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास दर चार प्रौढांमागे एक जण बिनधुराचा तंबाखू वापरताना आढळला. तुझ्या जातकुळीचा तंबाखू तोंडाचा कॅन्सर करतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं कधीच नोंदवून ठेवलंय. आत्याची दाढच होती, महिन्याभरात जखम भरेल. ज्यांचा अर्धा जबडा काढावा लागतो, त्या बायांना परळच्या टाटा हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर बर्फाची पिशवी काय करणार?

पुढच्या महिन्यात थोरल्या काकूंची दाढ काढायची आहे. मी आदल्या दिवशीच जाऊन राहणार आहे. बर्फ शेजारच्या फ्रिजमध्ये सांगून ठेवलाय. ऑपरेशनच्या आधी तू त्यांच्याही घरातून बाहेर पडलेली असशील, काकू माझ्याशी बोलायच्या थांबल्या तरी.

गोळेगावची एक भाची