रा. रा. भावी दुबईकर यांस अनावृत पत्र

रा. रा. भावी दुबईकर, मुक्काम आसनगाव, तालुका शहापूर, यांचे सेवेशी,



परवा आपल्या ओटीवर, भाताच्या कणगीला टेकवून ठेवलेले एका गगनचुंबी इमारतीचे गुळगुळीत चित्र दृष्टीस पडले. आणि तिच्या बाविसाव्या मजल्यावरील जे दोन खोल्यांचे घर आपण घेणार आहात, त्याचा उल्लेख येथील सरकारदरबारी कोठेही करावयाचा नाही, हा आपला संकल्प आपण आवाज उतरवून मला सांगितलात, तेव्हा आपल्या ठायी इतके वैराग्य केव्हा उत्पन्न झाले याचा विस्मय मला मुरबाडला परत पोहोचेपर्यंत पुरला. कारण साडेतीन गुंठे वरकस जमिनीवर नाव चढावे म्हणून सख्ख्या चुलतभावाविरुद्ध मंडल अधिकारी, प्रांत आणि अपर जिल्हाधिकारी अशा चढत्या पायरीने अकरा वर्षे दाद मागणारे, फेरफाराची नक्कल पावसाळ्यात भिजू नये म्हणून उशाशी घेऊन निजणारे गृहस्थ ते आपणच. सातबाऱ्यावर स्वतःचे नाव वाचताना ज्यांचा कंठ दाटून आला, त्यांनी सव्वा कोटीच्या वास्तूवर मात्र आपली सावलीही पडू देऊ नये, हे संतांनाही साधले नसते.

त्याहून मोठे कौतुक आपल्या परिश्रमांचे. आपली जमीन समृद्धी महामार्गात गेली, इगतपुरी ते आमणे हा त्याचा अखेरचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला, आणि आपल्या वडिलोपार्जित बांधावरून आता मोटारी धावतात. त्या जमिनीचा जो मोबदला निवाड्याने मिळाला, त्यावर 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या 96व्या कलमान्वये प्राप्तिकर नाही. धुतलेल्या तांदळासारखा पैसा! काळ्या पैशाचा पांढरा करण्यासाठी झिजणारे पुष्कळ पाहिले. पांढऱ्याचा काळा करण्यासाठी पदरमोड करणारे आपण पहिलेच.

वस्तुतः राजमार्ग मोकळा आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बँकेमार्फत परदेशी धाडता येते. दहा लाखांवरील रकमेवर बँक 20 टक्के कापून घेते खरी, परंतु तो आगाऊ भरणा असून विवरणपत्रात हिशेब लावला की वळता होतो वा परत मिळतो. आपल्या दलालाने हे 20 टक्के बुडाले असे सांगून अर्धी रक्कम हवाल्याने पाठविण्याचा सल्ला दिला. हवाला हा शब्द आपल्या जुन्या दफ्तरात किती अब्रूदार होता! किल्ला ज्याच्या हवाली तो हवालदार, आणि त्या किल्ल्याचा जाब त्याला द्यावा लागे. आता जाब चुकविण्याच्या वाटेलाच ते नाव पडले आहे.

या वाटेची एक खोड आहे: पावती मिळत नाही. पैसा कोठून आला हे सिद्ध करता आले नाही, की 2015 चा काळ्या पैशाचा कायदा त्या घराच्या किमतीवर 30 टक्के कर आणि कराच्या तिप्पट दंड लावतो. म्हणजे शंभराच्या घरावर एकशेवीस, आणि घर विकूनही वीस रुपये देणे उरतेच. पैशाचा उगम सांगता आला, पण विवरणपत्राच्या परकीय मालमत्तेच्या परिशिष्टात घर दाखविले नाही, तर दंड दहा लाखांचा. आणि जाणूनबुजून लपविल्याचे ठरल्यास सहा महिने ते सात वर्षे कारावासाचीही तरतूद आहे. 2024 साली सरकारने वीस लाखांपर्यंतच्या परकीय मत्तेला या दंडातून सूट दिली, आणि त्याच वाक्यात स्थावर मालमत्ता तेवढी वगळली. कायदा लिहिणाऱ्यास आपली ओटी ठाऊक असावी.

दुबईत तलाठी नाही, हे आपले म्हणणे मान्य. परंतु भाडे घेण्यासाठी आपण तेथे बँकेत खाते उघडणार, आणि अशा खात्यांची माहिती त्या देशाकडून 2018 पासून वर्षाच्या वर्षाला आपल्या सरकारकडे येते. येथील तलाठ्यास निदान भेटावयास जावे लागे. हा नवा तलाठी स्वतःच येतो, आणि चहाही घेत नाही.

एक गोष्ट आपणांस स्मरत असेल. म्हसा गावच्या यात्रेत आपण खोंड घेतलात, तेव्हा मी शेजारी उभा होतो. भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरला. तो मला आजतागायत कळलेला नाही. परंतु पैसे मोजल्यावर रंग तांबडा, कपाळी टिळा, दाती चौसा, आणि घेणाराचे नाव बापाच्या नावासकट, एवढे पावतीवर उतरून तिची शाई वाळेपर्यंत आपण दाव्याला हात लावला नव्हता. त्या दिवशीचा तो गृहस्थ कोठे भेटल्यास त्याला दलालाच्या पुढच्या भेटीच्या वेळी ओटीवर बसवावे, ही विनंती.

आपला,
मुरबाडचा एक खातेदार

ता. क. चित्राचा खालचा कोपरा उंदरांनी कुरतडला आहे. कणगीपासून दूर ठेवावे.